गिळलेला निरोप

आमच्या खोलीत टेबलं दोन होती आणि खिडकी एक. खिडकीपाशी शकू बसायची. मी तिच्याहून चार वर्षं आधी नोकरीला लागलेली, विद्यापीठातून रशियन भाषेत पहिली आलेली, तरी खिडकी तिची. कारण ती रुजू झाली तेव्हा मी बाळंतपणाच्या रजेवर होते. परत आले तोवर तिने खिडकीत डालड्याच्या डब्यात गवती चहा लावला होता आणि चहाला आमच्या खोलीत येण्याची सगळ्यांना सवय लागली होती. माणसं माझ्या टेबलावरून पुढे जाऊन तिच्या टेबलाशी थांबायची. मी बावीस वर्षं हे पाहिलं, आणि त्यातला एकही दिवस मला ते आवडलं नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "गायधनीबाई, तुम्ही रशियन लोकांत काम केलंय. हेरगिरीचा काळ जवळून पाहिलाय. त्यावर लिहा." मी त्यांना म्हटलं, बंदूक मी फक्त फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर पाहिली. माझ्या हेरगिरीत होते ते पिवळे कागद. ते म्हणाले, त्यावर लिहा. म्हणून लिहिते आहे.

कारखान्याचं नाव सांगणार नाही. नाशिकच्या आसपास तेव्हा बरेच कारखाने उभे राहिले, त्यातला एक समजा. यंत्रं सोव्हिएत युनियनमधून आलेली, त्यांच्याबरोबर तिकडचे तज्ज्ञ आलेले, तज्ज्ञांबरोबर त्यांच्या बायका, चहाचे समोवार आणि बटाट्याची भूक आलेली. त्यांच्यासाठी वेगळी वसाहत होती. ते मराठी जाणत नव्हते, आमचे लोक रशियन जाणत नव्हते, म्हणून मधे आम्ही दोघी.

दुभाष्याचं काम बाहेरच्यांना सोपं वाटतं. इकडचं ऐकायचं, तिकडे सांगायचं. प्रत्यक्षात आधी स्वतःला पुसावं लागतं. इंजिनियर म्हणाला, "माझी चूक झाली," तर दुभाषीनेही "माझी चूक झाली" असंच म्हणायचं. सुरुवातीला मला ते जड जायचं. परक्याच्या चुका माझ्या तोंडून! हळूहळू कळलं की तुम्ही दाराच्या उंबऱ्यासारखे असता. माणसं तुम्हाला ओलांडून जातात, आणि ती अडखळली नाहीत तर तुमचं काम चांगलं झालं. एक गोष्ट मात्र आमच्या धंद्यात पाप. निरोप गिळायचा नाही. तुम्हाला न पटो, समोरच्याला झोंबो, जे आलं ते पलीकडे पोचलं पाहिजे.

शकूला हे सगळं जन्मतः येत होतं, आणि तेच माझं दुखणं.

शकुंतला पगारे. नाशिकरोडच्या बाजूला बौद्ध वस्तीत घर. तिची आई पारूबाई परदेशी वसाहतीत स्वयंपाक-भांडी करायची. शकू चार-पाच वर्षांची असल्यापासून आईबरोबर जायची आणि ज्या घरात सगळ्यात जास्त वेळ बसायची ते घर तामारा इव्हानोव्नाचं. तामाराचे यजमान निकोलाय स्तेपानोविच इथले मुख्य तज्ज्ञ. त्यांना मूलबाळ नव्हतं. तामाराने या पोरीला मांडीवर घेऊन रशियन गाणी शिकवली, रागावायला शिकवलं, बीटची भाजी चिरायला शिकवलं. मग ते मायदेशी परत गेले. शकू मोठी झाली, बी.ए. झाली, बाहेरून रशियनची पदविका केली आणि आमच्याकडे लागली. आणि पुढच्या वर्षी निकोलाय स्तेपानोविच दुसऱ्यांदा नेमणुकीवर नाशिकला आले. वसाहतीच्या फाटकाशी गाडीतून उतरल्या उतरल्या तामाराने शकूला जी मिठी मारली, ती पाहून मी हातातला पुष्पगुच्छ ड्रायव्हरकडे दिला.

माझी रशियन पुस्तकातली होती. व्याकरण चोख, उच्चार जपून. शकूची रशियन चुलीजवळची. ती विभक्तीत चुकायची, पण हसायच्या जागी हसायची. एकदा बैठकीत नव्या यंत्राच्या चाचणीचा विषय होता. आमचे साहेब कचरत होते. निकोलाय स्तेपानोविच हसून एक म्हण म्हणाले. मी तिचं शब्दशः भाषांतर केलं, "लांडग्यांची भीती वाटत असेल तर जंगलात जाऊ नये." आमचे साहेब गंभीर झाले. म्हणाले, "मग चाचणी पुढे ढकलू या." रशियन बाजूला कळेना की झालं काय. शकू भिंतीपाशी बसून टिपणं घेत होती. ती हळूच म्हणाली, "साहेब, ते म्हणतायत, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाय."

चाचणी झाली, उत्तम झाली. साहेबांनी पेढे वाटले आणि पहिला पेढा शकूला दिला. मी माझा पेढा घरी नेऊन मुलीला दिला, आणि तिने विचारलं की कशाचा, तर सांगितलं, "ऑफिसातला."

आणखी एक सांगते. ती मला 'गायधनीबाई, तुम्ही' म्हणायची आणि मी तिला 'शकू, तू'. वयात दीड वर्षाचं अंतर. हे असंच असतं, असं मी धरून चालले होते. ते तसं का असतं, हा प्रश्न मला त्या काळात कधी पडलाच नाही.

आता पिवळ्या कागदाबद्दल. परदेशी माणसाशी कामाबाहेर काही बोलणं झालं, त्याच्या घरी चहा घेतला, तो बाजारात भेटला, की दुसऱ्या दिवशी सुरक्षा विभागात जाऊन एक छापील पिवळा कागद भरायचा. कोण भेटलं, कुठे, काय बोलणं झालं, काय दिलं, काय घेतलं. मैत्री असली तरी कागद भरायचा. कागद घ्यायला खैरनार साहेब बसायचे. पोलिसातून निवृत्त होऊन आलेले, बागलाणकडचे. बोलायचे आमच्यासारखंच, पण मजेत आले की त्यांची अहिराणी वर यायची.

"हेरगिरी म्हंजे काय शे, बाई?" ते विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. "वाट पाहणं शे. दोन माणसं एकच गोष्ट सांगतात का, एवढंच पाहायचं. दोन कागदांत फरक दिसला, तिथं बोट ठेवायचं."

त्यांना या विषयाचं वेड होतं. लिंबाच्या रसाने लिहिलेली पत्रं, निरोप नेणारी कबुतरं, महायुद्धांतले किस्से, सगळं ते चहाबरोबर सांगायचे. पहिल्या महायुद्धात म्हणे काही बायका रेल्वेच्या कडेला विणत बसायच्या आणि शत्रूची गाडी गेली की ठरलेला टाका घालायच्या. विणून झालेल्या कापडात गाड्यांचा हिशेब. दुसऱ्या महायुद्धात तर काही देशांनी विणकामाचे नमुने परदेशी टपालाने पाठवायलाच बंदी केली होती. "आकडे आन् अक्षरं," खैरनार साहेब म्हणायचे, "त्यात काय दडवलं, कोणाले माहीत?" हे किस्से मी बारकाईने ऐकले होते. हे मुद्दाम नोंदवते.

सोव्हिएत बाजूलाही एक खैरनार होता. त्याचं नाव व्हिक्टर. हुद्दा सांस्कृतिक अधिकाऱ्याचा, पण त्याला एकही गाणं पूर्ण येत नसे. प्रत्येक सहलीत तो हजर, आणि त्यांचा माणूस आमच्या माणसाशी दोन मिनिटांहून जास्त बोलला की त्याचं घड्याळाकडे लक्ष जायचं. एकदा सोमवारी सकाळी तो मला कॉरिडॉरमधे गाठून अगदी अजिजीने म्हणाला, "कालच्या सहलीबद्दल तुम्ही काय लिहिलंत? माझ्या टिपणाशी जुळलं तर दोघांनाही बरं." मी हसू दाबून सुरक्षा विभागात गेले आणि त्याचाही पिवळा कागद भरला. खैरनार साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "गरीब बिचारा. त्यालेबी वर कागद द्याना पडस."

असे ते दिवस. सगळ्यांचं सगळ्यांवर लक्ष, आणि तरी सगळे एकत्र द्राक्षं खात बसलेले.

मग दौऱ्याचं पत्र आलं. व्होल्गाकाठच्या एका शहरात सहा महिन्यांचं प्रशिक्षण होतं. आमचे चार इंजिनियर आणि एक दुभाषी जायचे होते. मी धरून चालले होते की जायचं ते मीच. घरी सासूबाईंना सांगून मुलीची व्यवस्थासुद्धा लावली. पण पत्रात सोव्हिएत बाजूने दुभाषीचं नाव सुचवलं होतं, आणि ते पगारे होतं. निकोलाय स्तेपानोविचांची मुदत संपत आली होती. ते आणि तामारा आधी परत जाणार होते, आणि प्रशिक्षण होतं ते त्यांच्याच शहरात.

शकूने मला ते खिडकीतून वळून सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "गायधनीबाई, तामारा मावशींच्या घरी जायचंय मला! त्यांच्या दारातल्या सफरचंदाच्या झाडाबद्दल मी लहानपणापासून ऐकतेय." मी म्हटलं, "अभिनंदन." मग मी शब्दकोश उघडला आणि बराच वेळ एकाच पानाकडे पाहत राहिले. माझ्या पोटात खरोखर दुखत होतं. मत्सराला पोटदुखी का म्हणतात ते त्या दिवशी कळलं.

निरोपाची सहल गंगापूर धरणावर होती, रविवारी दुपारी. सतरंज्या, काकड्या, उकडलेली अंडी, आमचा चिवडा. मी काकड्या चिरत होते. शेजारच्या सतरंजीवर तामाराने पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला, शकूच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं स्वतःच्या हाताने मिटली. दोघी हसल्या. थोड्या वेळाने शकू पाण्याच्या कडेला गेली. कागद डब्याच्या झाकणाखाली ठेवलेला, वाऱ्याने उघडला. माझ्यापासून हातभर अंतरावर. मी वाचला.

वर लिहिलं होतं 'बाही'. खाली ओळीने आकडे आणि संक्षिप्त अक्षरं. दोन 'लि', दोन 'इझ', असं पुन्हा पुन्हा. 'लि' म्हणजे सुलट टाका, 'इझ' म्हणजे उलट. रशियन शिकणाऱ्या कोणत्याही मुलीला हे दुसऱ्या वर्षी कळतं, कारण आमच्या बाईंनी आम्हाला विणायला लावूनच शब्द शिकवले होते. तो स्वेटरचा नमुना होता. मला ते एका नजरेत कळलं.

सोमवारी मी पिवळा कागद भरला. सगळं व्यवस्थित लिहिलं आणि शेवटी दोन वाक्यं घातली. 'श्रीमती तामारा यांनी श्रीमती पगारे यांना हाताने लिहिलेला, आकडे व संक्षिप्त अक्षरे असलेला कागद दिला. मजकुराचा अर्थ लागला नाही.'

पहिलं वाक्य खरं होतं.

शकूने तिच्या कागदात सहलीचं सगळं लिहिलं, नमुन्याचं लिहिलं नाही. स्वेटरचं कोण लिहितं? पण दोन कागदांत फरक पडला, आणि खैरनार साहेबांनी तिथे बोट ठेवलं. त्यांनी शकूला बोलावलं. तिने हसत तो कागद पिशवीतून काढून दिला, "साहेब, स्वेटर आहे हा." पण जिच्यावर संशय आहे तिच्याच तोंडचं भाषांतर कसं मानायचं? मग त्यांनी मला बोलावलं. शकू तिथेच उभी होती.

"बाई, वाचा. काय शे हे?"

मला अजून एक संधी मिळाली होती, आणि ती अगदी सोपी होती. मी चष्मा पुसला. कागद दोन्ही हातांनी धरला. शकू माझ्याकडे इतक्या विश्वासाने पाहत होती की मला तिचा रागच आला.

"काही शब्द तांत्रिक वाटतात," मी म्हटलं. "विणकामाचं असू शकेल. पण खात्रीने सांगता येणार नाही."

शकूच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. आधी ते तसंच राहिलं, जणू मी थट्टा करते आहे आणि आता पुढचं वाक्य बोलणार आहे. मग ती खाली पाहू लागली.

कागद तपासणीसाठी मुंबईला गेला. तोवर शकूला दुभाषीच्या कामावरून काढून ग्रंथालयात पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. परदेशी वसाहतीत जायला तिला मनाई झाली. तामारा आणि निकोलाय स्तेपानोविच गेले, तेव्हा ती निरोप द्यायलासुद्धा जाऊ शकली नाही. मुंबईचं उत्तर येईना आणि दौऱ्याची नावं पाठवायची मुदत आली. पगारे हे नाव खोडून गायधनी लिहिलं गेलं.

निघायच्या आदल्या दिवशी शकू आमच्या खोलीत आली. मी तेव्हा खिडकीपाशी बसले होते. तिने गवती चहाला पाणी घातलं आणि म्हणाली, "तामारा मावशी मला घ्यायला स्टेशनवर येणार होत्या. त्यांना माझं कळलं नसेल. त्या आल्या तर काय सांगायचं ते सांगा, पण चौकशीचं नका सांगू. रडतील."

मॉस्कोहून रात्रभराचा प्रवास करून आमची गाडी सकाळी दहाच्या सुमाराला त्या शहरात पोचली. फलाटावर बर्फ झाडून कडेला ढीग केलेले. तामारा उभी होती. हातात लोकरीची लाल टोपी. डब्याच्या दारातून एकेक माणूस उतरे, आणि ती त्याच्या पलीकडे पाही. मी शेवटची उतरले. ती माझ्याही पलीकडे पाहत राहिली, आणि मग डबा रिकामा झाला.

"माझी शकूनेच्का कुठे आहे?" तिने विचारलं.

"तिला रजा मिळाली नाही," मी म्हटलं.

ती तिथेच माझा हात धरून बोलत राहिली. शकूसाठी खोली तयार केली होती. पडदे बदलले होते. सफरचंदांचा मुरंबा घातला होता. मी तिच्या देशात आलेली, तिची भाषा तिच्यापेक्षा शुद्ध बोलणारी पाहुणी होते, आणि तिने मला प्रवास कसा झाला हेही विचारलं नाही. शेवटी तिने शकूसाठी निरोप दिला आणि माझे कान लाल झालेले पाहून ती टोपी माझ्या डोक्यावर घातली. "तिच्यासाठी विणली होती. आता तुम्ही घाला, थंडी वाईट आहे." मी सहा महिने ती टोपी वापरली. परत येताना हॉटेलच्या कपाटात ठेवून आले. विसरले नव्हते.

त्या सहा महिन्यांत मी काम चोख केलं. कोणी तक्रार केली नाही. कोणी मुरंबाही आणून दिला नाही. तामारा पुन्हा भेटली नाही. मीही गेले नाही.

परत आले तेव्हा मुंबईचं उत्तर येऊन गेलं होतं. स्वेटरचा नमुना, दुसरं काही नाही. शकू पुन्हा तिच्या खिडकीत बसली होती. मी पिशवी टेबलावर ठेवते आहे तोच तिने विचारलं, "तामारा मावशी आल्या होत्या?"

माझ्या डोळ्यांसमोर तो फलाट आला, ती माझ्या पलीकडे पाहणारी नजर आली. एवढं प्रेम मी माझ्या तोंडाने हिला आणून द्यायचं? शब्दन् शब्द?

"नाही गं," मी म्हटलं. "स्टेशनवर कोणीच नव्हतं."

"बरं," शकू म्हणाली. "थंडी असेल."

त्याच आठवड्यात खैरनार साहेबांनी मला चहाला बोलावलं. दार लावून घेतलं. ते रागावलेले नव्हते, ते जास्त वाईट होतं. "माणूस फितूर का होतो, त्याची कारणं आम्हाला शिकवलेली. लोभ, राग, भीती, मोठेपणाची हाव. पण चुगली करणारा का करतो, ते कोणी शिकवलं नाही. ते मी नोकरीत शिकलो." त्यांनी माझा जुना पिवळा कागद समोर ठेवला. "विद्यापीठात पहिल्या आलात, बाई. सुलट-उलट येत नव्हतं?"

ते म्हणाले, "मलेबी त्याच दिवशी समजायला पाहिजे होतं. मी कागदांवर बोट ठेवलं, माणसावर नाही ठेवलं. माझीबी चूक शे." फाइलीत माहिती देणाऱ्याचं नाव नसायचं, 'सूत्र' एवढंच असायचं. त्यांनी ते तसंच राहू दिलं. त्यानंतर वर्षभराने ते सटाण्याला घरी निघून गेले. आता ते नाहीत.

तामाराला पत्र लिहायची परवानगी शकूने मागितली नाही. एकदा चौकशी झालेल्या माणसाने परदेशी पत्रव्यवहार करू नये, एवढं तिला कळत होतं. आणि स्टेशनवरही कोणी आलं नव्हतं, म्हणजे तिकडचीही ओढ आटली, असं तिने धरलं असणार. पुढे तो देशच मोडला. तज्ज्ञ गेले, वसाहत ओस पडली. आम्ही दोघी यंत्रांच्या जुन्या पुस्तिका मराठी-इंग्रजीत आणत बसलो. आपल्याला कोणी ऐकत नाही अशी दुभाष्याची म्हातारपणाची वर्षं. पण शकू तिथेही हरली नाही. निवृत्तीनंतर तिने कॉलेज रोडला क्लास काढला. रशियात डॉक्टर व्हायला जाणारी पोरं तिच्याकडे भाषा शिकतात. तिकडून तिला व्हिडिओ कॉल करतात, बर्फ दाखवतात. माझ्या बहिणीची नात तिच्याकडेच जाते आणि घरी येऊन सांगते, "पगारे मॅडम शिकवतात ना, तसं कोणीच शिकवत नाही." वयाच्या सत्तरीत, गुडघ्यांना पट्टे बांधलेले असताना, मला अजून तिचा हेवा वाटतो. हे लिहायला लाज वाटते. पण हे सोडून बाकीचं लिहिलं तर पुन्हा तेच होईल.

लेखाचा पहिला खर्डा मी पिवळ्या कागदापर्यंतच लिहिला होता. तेवढी कबुली पुष्कळ झाली, असं मला वाटलं. थोडा अभिमानही वाटला. छापण्याआधी तिला दाखवावं म्हणून एका दुपारी तिच्या क्लासवर गेले. जिने चढून वर, फळ्यावर अर्धी पुसलेली अक्षरं, कोपऱ्यात पंखा. तिने खुर्ची पुढे केली. मी वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

"हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. गंगापूरला आपल्या लोकांत रशियन वाचणारं दुसरं होतं कोण? आणि साहेबांसमोर तुम्ही चष्मा पुसलात. खरंच वाचायचं असतं तेव्हा तुम्ही कधी चष्मा पुसत नाही. टाळायचं असतं तेव्हा पुसता."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? माझं बोलणं कोण धरत होतं तेव्हा?" तिच्या आवाजात राग नव्हता, ती एखाद्या विद्यार्थ्याला नियम सांगावा तशी सांगत होती. "आणि रोज तुमच्याच शेजारी बसायचं होतं. आई म्हणाली, काय वाट्टेल ते होऊ दे, नोकरी सोडायची नाय. नाही सोडली." तिने पानं परत माझ्याकडे सरकवली. "छापा. चांगलं लिहिलंय. माझं नाव बदलू नका."

मला निघता आलं असतं. क्षमा मागितल्यासारखं झालं होतं, तिने ती दिल्यासारखंही झालं होतं. मी पानं पिशवीत घातली. जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

"शकू, तामारा स्टेशनवर आली होती."

ती फळा पुसत होती. तिचा हात थांबला.

"मी खोटं सांगितलं. ती आली होती. तुझ्यासाठी खोली लावली होती. तुझ्यासाठी टोपी विणून आणली होती. ती मी घातली." मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "निरोप दिला होता तुला. मी आणला नाही."

शकू खाली बसली. विद्यार्थ्यांच्या बाकावर. डस्टर हातातच होता. मग तिने वर पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी एकेरीत बोलली.

"सांग. मराठीत नको. ती बोलली तसं सांग."

मी सांगू लागले. हेव्याची स्मरणशक्ती चांगली असते. माझ्याकडे सगळं जसंच्या तसं होतं. पडदे, सफरचंदं, खोली. तामाराचे शब्द तामाराच्या क्रमाने. फक्त निरोपाशी आल्यावर मी अडखळले आणि म्हटलं, "पेरेदायते येय प्रिव्येत." तिला नमस्कार सांगा.

"प्रिव्येत?" शकू म्हणाली. "तामारा मावशींनी आयुष्यात कुणाला प्रिव्येत पाठवला नाही. नीट आठव."

ती बरोबर होती. तिथेही ती बरोबर होती.

"पत्सेलुयते येयो," मी म्हटलं. माझ्या वतीने तिचा पापा घ्या.

खालून पोरांचे जिने चढण्याचे आवाज येऊ लागले होते. पुढची बॅच. शकू बाकावर तशीच बसून होती. तिने चेहरा पुढे केला नाही. मागेही घेतला नाही.

मी पिशवी खाली ठेवली, बाकाला धरून वाकले, आणि निरोप पोचवला.